वाघोलीत घेतलेला श्वास

"चोर! अगं, चोर! चोर म्हणतेय ना मी!"

बाईंचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून निघाला, जिना उतरला, पार्किंगमधल्या स्कूटरींवरून उड्या मारत रस्ता ओलांडून समोरच्या वाण्याच्या दुकानात शिरला. वाण्याने एका हाताने गल्ला धरला आणि दुसऱ्याने शटर ओढलं. सोसायटीचा वॉचमन काठी उगारून धावत वर आला आणि दारातच धापा टाकत म्हणाला, "कुठं हाय?"

"कोण?" बाईंनी विचारलं.

"चोर."

"ही काय, बसलीय समोर. कधीची सांगतेय चोर म्हणून. चोरतच नाही."

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. पन्नाशी उलटलेली, चष्मेवाली, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर बसून गाणारी बाई. चोर म्हणून मी त्याच्या काही पसंतीला उतरले नसावे. तो काठी टेकत टेकत खाली गेला.

हे वाचून आमचे हे म्हणाले, "वाण्याने घाबरून शटर ओढलं नव्हतं. एक वाजला होता, तो दुकान बंदच करत होता." आमचे हे बँकेतून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून माझ्या गोष्टींना कात्री लावणं हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग आहे. वाचकांनी त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

तर बाईंना म्हणायचं होतं, श्वास चोर. गाताना श्वास असा घ्यायचा की ऐकणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. एक शब्द संपला, दुसरा सुरू व्हायचाय, त्या फटीत हळूच हात घालून श्वास पळवायचा. आणि शब्दाच्या मधोमध श्वास घेतलात, तर बाईंच्या कायद्यात त्याला माफी नाही. बाईंनी ऐंशी ओलांडलीय. मी फ्रॉकमध्ये असल्यापासून त्यांच्याकडे शिकतेय, आता माझी सून बाळंत झाली, तरी माझ्या श्वासाची केस त्यांच्या कोर्टात चालूच आहे.

बाईंची एक पद्धत आहे. विद्यार्थिनी गात असताना त्या अवाक्षर बोलत नाहीत. चूक झाली की उजव्या हाताची तर्जनी वर जाते. बस्स. बोट वर गेलं की गाणारीचा श्वास आहे तिथे, आहे तसा, कट्कन तुटतो. मग त्या बोलतात. म्हणजे वाण्यापर्यंत ऐकू जाईल असं बोलतात. आधी बोट, मग आवाज, हा क्रम कधी बदलला नाही. माझं तर मत आहे, बाईंनी लक्ष्मी रोडवर मधोमध उभं राहून ते बोट वर केलं असतं तर पुण्याची वाहतूकसुद्धा थांबली असती. आणि पुण्याची वाहतूक लाल दिव्यालाही थांबत नाही.

आता माझ्याविषयी. मी सिनेमाची पार्श्वगायिका आहे. हे ऐकल्यावर लोक पुढे सरकून बसतात आणि विचारतात, "अरे वा! कुठलं गाणं तुमचं?" तिथून पुढे माझी पंचाईत सुरू होते.

कारण मी डमी गाते. सिनेमाचं गाणं करताना संगीतकार आधी कुणाकडून तरी कच्चं गाऊन घेतो, त्याला डमी म्हणतात. ते ऐकून मुंबईची मोठी गायिका चाल शिकते. घाई असेल तर शूटिंगही डमीवरच उरकतात. नटी माझ्या आवाजावर ओठ हलवून घेते. मग मोठी गायिका येते, पक्कं गाते आणि माझा आवाज पुसून टाकतात. गेली कित्येक वर्षं मी असं गातेय आणि ते पुसताहेत. पुसलेल्या गाण्यांना पारितोषिकं मिळत असती तर ती ठेवायला मला वेगळा फ्लॅट घ्यावा लागला असता.

अगदीच काही राहिलं नाही असं नाही. एका सिनेमात नायिका नदीत पाय सोडून बसते तेव्हा मागे चौघी "आ… आ…" करतात, त्यातला तिसरा "आ" माझा. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावात कचऱ्याच्या घंटागाडीवर जे गाणं वाजतं, ते सबंध माझं. रोज सकाळी माझा आवाज लागला की सारं गाव घरातून धावत बाहेर येतं, हातात ओला कचरा आणि सुका कचरा घेऊन. असा प्रतिसाद भल्याभल्यांना मिळालेला नाही.

बाईंना मात्र घंटागाडीचं सांगायची माझी छाती झाली नाही. डमीचं सांगितलं होतं. पहिल्यांदा सिनेमात गायले तेव्हा पेढे घेऊन गेले होते आणि थेटरात चला म्हणून मागे लागले होते. बाईंनी विचारलं, "तुझा आवाज ठेवणार आहेत?"

"नाही. पुसतील. पण चाल मी—"

"पुसायच्या गाण्याला मी येत नाही. ठेवलेलं असेल तेव्हा सांग. येईन."

पेढा मात्र त्यांनी ठेवून घेतला. त्यानंतर मी कितीक गाणी गायले, दर वेळी बाई एवढंच विचारायच्या, "ठेवलं?" मी म्हणायची, "नाही." मग म्हणायच्या, "बस. तानपुरा लाव." ना कधी टोमणा मारला, ना कधी समजूत घातली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. मला एकच हवं होतं, बाईंना "ठेवलं" असं सांगायचं आणि हाताला धरून थेटरात न्यायचं. बाईंची ऐंशी उलटली तशी मला घाई होऊ लागली. सिनेमावाल्यांना कुठली असायला.

ज्या दिवशी वॉचमन वर आला त्याच दुपारी मला वाघोलीला डमी गायची होती. संगीतकार तरुण मुलगा. खराडीतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून त्याने वाघोलीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्टुडिओ थाटला होता. मी ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. नगर रोडविषयी मी काही बोलू नये असं ह्यांनी बजावलंय, म्हणून थोडक्यात सांगते. एका सिग्नलला शेजारच्या मोटारीतली बाई लेकराला घास भरवत होती. सिग्नल सुटला तेव्हा ते लेकरू स्वतःच्या हाताने जेवत होतं.

स्टुडिओ म्हणजे मागची बेडरूम. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून मुलाने चारी भिंतींना, खिडकीला, दारालासुद्धा आईच्या हातच्या गोधड्या ठोकल्या होत्या. आत माइक, एक खुर्ची, आणि उकाडा. पंखा लावायचा नाही, एसी लावायचा नाही. माइकमध्ये घरघर येते. दार लावलं की त्या खोलीत वारा शिरत नाही, माशी शिरत नाही, बहुतेक प्राणवायूही शिरत नाही. मुलगा बाहेर हॉलमध्ये कॉम्प्युटरपाशी बसतो आणि कानावरच्या हेडफोनमधून माझ्याशी बोलतो. मला तो ताई म्हणतो. तो दिसावा म्हणून दाराच्या गोधडीला त्याने एक भोक ठेवलंय; त्यातून त्याचा एक डोळा दिसतो.

गाणं चांगलं होतं. नायिका घर सोडून निघालीय, दार ओढून घेतेय आणि तिचं पाऊल निघत नाही. ओळ होती, "दार लावून घेताना हात माझा थांबला." लांबलचक ओळ, एका श्वासात जायची. बाईंनी नुकताच घसा सोलून काढलेला, त्यामुळे मी तयारीत. डोळे मिटले. "दार लावून घे—"

आणि खाली पाण्याचा टँकर मागे यायला लागला.

वाघोलीच्या सोसायट्यांना पाणी टँकरने येतं हे सगळ्यांना माहीत आहे. टँकर मागे घेताना जी धून वाजते तीही सगळ्यांना माहीत आहे. पण ती धून माझ्या सुराहून अर्ध्या सुराने वर होती, हे फक्त मला माहीत आहे. माशी जिथे शिरत नाही तिथे टँकर शिरला. चारी गोधड्या फोडून शिरला! मी दचकले, माझा श्वास तुटला, "घे"च्या पुढे भर शब्दात मी हूं करून श्वास घेतला आणि मग उरलेलं "ताना" गायले. दार लावून घे… हूं… ताना.

"अरे, पुन्हा घेऊ या," मी म्हटलं. "शब्द तोडला मी."

"राहू द्या ताई," हेडफोनमधून उत्तर आलं. "डमीच तर आहे, कोण ऐकतंय? उद्या लोणी काळभोरला शूटिंग आहे, आत्ताच पाठवायचंय."

कोण ऐकतंय. मीही म्हटलं, खरंच आहे. पुसायचंच आहे. घरी आले, भाकऱ्या केल्या, विसरून गेले.

काही आठवड्यांनी मी मंडईत गवार निवडत होते तर ह्याच मुलाचा फोन. "ताई, लोचा झालाय!"

"काय झालं?"

"तुमचा तो श्वास!"

गोष्ट अशी झाली होती. लोणी काळभोरच्या एका शेतातल्या घरी शूटिंग झालं. नटी नवीन आणि फार मेहनती. तिने माझी डमी घासून घासून पाठ केली. नुसते शब्दच पाठ केले नाहीत, टँकरने तोडलेला श्वाससुद्धा पाठ केला. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ, दाराच्या कडीवर हात, "घे" म्हणते, छाती भरून येते, ओठ उघडेच राहतात, आणि मग "ताना". दिग्दर्शकाच्या म्हणे डोळ्यांतून पाणी आलं. त्याला वाटलं, काय हुंदका दाबलाय पोरीने! त्याने तो शॉट सबंध ठेवला.

मग मुंबईहून मोठी गायिका आली आणि तिने ती ओळ एका श्वासात, सरळ, सुंदर गायली. आवाज गेला पुढे आणि पडद्यावर नटी तोंड उघडं टाकून उभी. दिसायला अगदी जांभई.

"मग तिलाच सांगा की, तिथे श्वास घ्या म्हणून," मी म्हटलं.

"सांगितलं हो ताई! जमेना त्यांना. इतकं तयार गाणं त्यांचं, श्वास घेतला तरी ऐकूच येत नाही. दिवसभर बसल्या. शेवटी म्हणाल्या, ज्या बाईंची चूक आहे त्यांनाच बोलवा, माझ्याच्याने नाही व्हायची. मनापासून म्हणाल्या हं, चिडून नाही."

"म्हणजे?" माझ्या हातातली गवार पुन्हा टोपलीत पडली.

"म्हणजे गाणं तुमचं, ताई. डमीत टँकर वाजतोय म्हणून ती वापरता येत नाही. पुन्हा गायचं, पण तो श्वास तसाच पाहिजे. मग ठेवणार. फायनल."

ठेवणार! मी मंडईत मोठ्याने काय ओरडले ते मला आठवत नाही. पण भाजीवालीने गवार फुकट दिली असं मला आठवतं आणि मी पिशवी तिथेच विसरून आले असं ह्यांना आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी वाघोलीत माइकपुढे उभी राहिले आणि ओळ गायले. एका श्वासात, सरळ, सुंदर.

"ताई, श्वास."

"हो हो, विसरले." पुन्हा गायले. ह्या खेपेला श्वास घेतला. पण तो ठरवून घेतलेला, डॉक्टर पाठीला नळी लावून "घ्या" म्हणतात तसा. पुन्हा गायले, शिंक आल्यासारखा आला. पुन्हा गायले, ठसका लागल्यासारखा. जन्मभर बाईंनी जो श्वास माझ्या मानगुटीवर बसून हाकलून लावला होता, तो आता बोलावला तर दारात येईना.

मुलगा हुशार. त्याने टँकरची धून मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि गाताना माझ्या हेडफोनमध्ये सोडली. आता येणार हे माहीत असल्यावर दचकते कशाला? मी धुनीच्या नाकावर टिच्चून ओळ पार केली. मग त्याने खरा टँकर मागवला. ड्रायव्हरला खिडकीतून हात केला की त्याने गाडी मागे घ्यायची. टँकर मागे, मी सरळ. टँकर पुढे, पुन्हा मागे, मी सरळच. खाली सोसायटीतल्या बायका बादल्या घेऊन जमल्या, टाकी भरून वाहिली, जिन्यात पाणी आलं, कुणीतरी गाडी धुऊन घेतली. (ह्यांचं म्हणणं, टाकी वाहिली नाही, नुसती भरली. ते खाली उभे होते. त्यांच्या चपला कोरड्या होत्या म्हणे.)

संध्याकाळी दिग्दर्शकाचा फोन आला. मुलगा नुसता "हो सर, हो सर" करत होता. फोन ठेवून म्हणाला, "ताई, परवापर्यंत झालं तर ठीक. नाहीतर ते गाणंच काढून टाकतायत. नटी दार लावेल आणि मागे बासरी."

परतताना नगर रोडवर मी गप्प होते. अख्खा नगर रोड गप्प! हे पुन्हा पुन्हा आरशात बघत होते, मी मागे पडले की काय म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंकडे गेले. तानपुरा लावला नाही.

"बाई, एक विचारायचंय. श्वास चुकीच्या जागी कसा घ्यायचा?"

बाई सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला. "काय म्हणालीस?"

मी सगळं सांगितलं: टँकर, नटी, मोठी गायिका, बासरी. बाईंनी मधे एकदाही बोट वर केलं नाही. शेवटी म्हणाल्या, "चुकायला शिकवायचा क्लास इथे नाही. आजूबाजूला भरपूर निघालेत, चौकशी कर."

"बाई, पण—"

"शब्द तोडायचा नाही. घरातून बाहेर पडताना कुणी अर्धी चप्पल घालतं का?"

"नाही."

"मग?"

मी उठले. दारापर्यंत गेले. चपला घातल्या, दोन्ही, पूर्ण. मागून आवाज आला, "ठेवणार आहेत का ते?"

"नीट चुकले तर ठेवतील."

अडकित्ता पुन्हा चालू झाला. थोड्या वेळाने, "जायचंय कधी?"

"उद्या. शेवटचं."

"मला वाघोलीला काम आहे. माझी भाची राहते तिकडे, तिला लोणचं द्यायचंय. गाडी करणार असशील तर येईन."

बाईंची भाची वाघोलीत राहते, हे मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. पण बाईंना उलट विचारायची सवय मला कुणी लावलेली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी केली. बाई मागच्या सीटवर लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या आणि ड्रायव्हरला अधूनमधून गाडी कशी चालवतात ते सांगत होत्या. खराडीच्या काचेच्या इमारती आल्या तेव्हा म्हणाल्या, "इतक्या काचा पुसतं कोण?" एवढंच.

वर आल्यावर मुलगा वाकून नमस्कार करायला धावला. बाई म्हणाल्या, "नंतर." त्यांना हॉलमध्ये सोफ्यावर बसवायचा त्याचा बेत होता. त्यांनी भिंतीवरच्या गोधड्या बघितल्या, एकीची शिवण बोटाने चाचपली, "टाके चांगले आहेत" म्हणाल्या आणि आतल्या खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर जाऊन बसल्या. माझ्या समोर. हाताच्या अंतरावर.

"आजी, आवाज करायचा नाही हं," मुलगा दबकत म्हणाला. "माइक खूप सेन्सिटिव्ह आहे."

मी डोळे घट्ट मिटून घेतले. मला वाटलं, आता बाई ह्याला गोधडीत गुंडाळणार. पण डोळे उघडून बघते तर बाईंनी फक्त मान हलवली आणि बरणी पायाशी ठेवली.

दार बंद झालं. उकाडा सुरू झाला. हेडफोनमध्ये वाद्यं वाजायला लागली. मी ठरवलं होतं, काही ठरवायचं नाही. श्वास येईल तेव्हा येईल. पण बाई समोर बसल्यावर माझा गळा काय मला विचारतो? पाठ ताठ झाली, खांदे खाली आले, सूर लागला तो असा लागला की मी स्वतःच मनात म्हटलं, वा! मला कळून चुकलं, की आता ही ओळ एका श्वासात, सरळ, सुंदर जाणार, आणि तिच्यामागोमाग माझं गाणंही जाणार. बासरी दिसायला लागली मला. "दार लावून…" मी कुठेही चुकत नव्हते. बाईंची शपथ, एका कणानेही चुकत नव्हते. "…घे—"

बाईंची तर्जनी वर गेली.

आवाज नाही, काही नाही. नुसतं बोट. माझा श्वास कट्कन तुटला. फ्रॉकमध्ये असताना तुटायचा तसाच. तोंड उघडं राहिलं, छाती भरून आली आणि भीतीने जो हूं करून श्वास आत गेला तो गेला. मग कसंबसं "ताना" बाहेर आलं, कापतच. आणि गाणं थांबवायची हिंमत नव्हती म्हणून मी पुढे गात राहिले. "हात माझा थांबला" म्हणताना माझा हात खरोखरच थांबला होता, हवेतच.

गाणं संपलं. मी डोळे मिटून उभी. आधी बोट, मग आवाज. मी आवाजाची वाट बघत होते. आता वाघोलीतला वाणी शटर ओढणार.

आवाज आलाच नाही. डोळे उघडले तर बाई खिडकीवरच्या गोधडीकडे बघत बसल्या होत्या, जणू तिथे खिडकी होती आणि खिडकीबाहेर काही होतं.

दार ढकलून मुलगा आत घुसला. "ताई! मिळाला! तोच! डमीपेक्षा भारी!" तो माझ्याभोवती नाचत होता. बाई उठल्या, पायाशी ठेवलेली बरणी उचलून त्याच्या हातात दिली. "कैरीचं आहे. कोरडा चमचा घाल."

"बाई, भाचीला द्यायचं होतं ना?" मी विचारलं.

"ती गावाला गेलीय."

गाणं ठेवलं. सिनेमा लागला. मी बाईंकडे गेले, चपला काढायच्या आधीच दारातून म्हटलं, "बाई, ठेवलं."

"बरं," बाई म्हणाल्या. "साडी कुठली नेसायची?"

खराडीच्या मॉलमधलं थेटर. सरकत्या जिन्यावर बाईंनी पाय ठेवायला नकार दिला. म्हणाल्या, जिना उभा राहील तेव्हा चढेन. लिफ्टने गेलो. आतल्या खुर्च्या मागे झुकतात, त्यात बाई झुकल्या नाहीत. हे, मी आणि मधे ताठ बाई. सिनेमा कसा होता मला विचारू नका. मी त्या दाराची वाट बघत होते. एकदाचं दार आलं. नटीने कडीवर हात ठेवला आणि एवढ्या मोठ्या काळोखात, चारी बाजूंनी, माझा आवाज आला. माझा! पुसला नव्हता. "दार लावून घे—" श्वास तुटला तसा सगळ्या थेटराचा तुटला. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. पुढे कुणाची पॉपकॉर्न खाण्याची करकर थांबली. माझं तर म्हणणं आहे, सगळं थेटर रडत होतं. हे म्हणतात, चारपाच जण. पण हे सांगताना ते स्वतःचा चष्मा पुसण्याविषयी काही बोलत नाहीत. एसी डोळ्यांवर येत होता म्हणे.

मी बाईंकडे पाहिलं. बाई पडद्याकडे बघत होत्या. दोन्ही हात पर्सवर. बोट खालीच.

शेवटी नावं सरकायला लागली तशी लोक उठले, दिवे लागले, झाडू मारायला माणसं आत आली. आम्ही तिघं बसून. खूप वेळाने, चहा देणाऱ्यांच्या आधी आणि गाड्या पुरवणाऱ्यांच्या नंतर, माझं नाव आलं आणि वर निघून गेलं. बाईंनी ते पूर्ण जाईपर्यंत पाहिलं, मग उठल्या. मी त्यांचा हात धरला. लिफ्टपाशी गर्दी होती, थांबलो. तेव्हा मला राहवलं नाही.

"बाई, एक विचारू? त्या दिवशी वाघोलीत मी चुकत नव्हते."

"नव्हतीस."

"मग बोट का वर केलंत?"

बाईंनी पर्सची कळ उघडली, आतला रुमाल नीट केला, कळ लावली. लिफ्ट आली. दार उघडलं.

"माशी होती," बाई म्हणाल्या.